शेजारच्या गावाचं मागणं

धरणगावच्या जिनवाल्या अक्कांच्या दारात जो स्वतःसाठी काही मागायला जाई, त्याला पोटभर जेवायला मिळे आणि रिकाम्या हाताने घरी परतावं लागे. मी असा दोनदा जेवून आलो. दोन्ही वेळा वांग्याची भाजी चांगली झाली होती.

हे मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे. मी चौथीपर्यंत शिकलो. चौथी पास झालो की नाही ते मास्तरांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नात म्हणाली, आबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. तिला नको म्हटलं. दुसऱ्याने लिहिलं की तो अक्कांना देवी करून ठेवील. त्या देवी नव्हत्या. देवी माणसाला इतके प्रश्न विचारत नाही.

आमचं गाव पांझरेच्या काठी, धुळे आणि अमळनेर यांच्या मधे कुठेतरी. नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीत चोरी आहे आणि चोर जिवंत आहे. आमच्या गावाला वरगाव म्हणू, आणि नदीच्या उताराला जे गाव आहे त्याला खालगाव. दोन्ही गावांत जुनी फडाची पद्धत होती. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखाली साऱ्या गावाची शेतं एकत्र. एका फडात वर्षाला एकच पीक, आणि पाणी पाळीने. विहीर मालकाची असते, पाट कुणाच्या बापाचा नसतो. आमच्या फडाचा मी मुख्य पंच होतो. माझ्याआधी माझा बाप होता. खालगावचा पंच हिलाल. हिलालचं आणि माझं बोलणं नव्हतं. त्याच्या बापाचं आणि माझ्या बापाचंही नव्हतं. ही गोष्ट आम्हाला वारशाने मिळाली होती आणि आम्ही ती जपली होती.

साल मी सांगत नाही, पण ऐंशीच्या पुढचं एक वर्ष. पुरात आमच्या बंधाऱ्याचा डावा खांदा वाहून गेला. भरलेला बंधारा हिवाळाभर झिरपतो आणि त्याच्यावर दोन्ही गावांचा गहू येतो. फुटका बंधारा पावसात सगळं सोडून देतो आणि दिवाळीला कोरडा बसतो. सरकारी कचेरीत गेलो, तर साहेब म्हणाले, हा बंधारा आमच्या दप्तरी नाही. मी म्हटलं, साहेब, तो तुमच्या दप्तराच्या आधीपासून आहे. ते म्हणाले, तेच तर अवघड आहे. ज्यांच्याकडे चार पैसे होते ते विहिरी खोदायला लागले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांतली पाच घरं सुरतेला गेली. पुढच्या पावसाच्या आत हा खांडवा, म्हणजे बंधाऱ्याला पडलेलं भगदाड, बुजला नाही, तर फड मोडणार हे सगळ्यांना दिसत होतं. फड मोडला म्हणजे पाट मोडला, आणि पाट मोडला म्हणजे मी कशाचा पंच, हेही मला दिसत होतं.

तेव्हा शाळेच्या मास्तरांनी अक्कांचं नाव सांगितलं. नवरा वारल्यावर कापसाच्या जिनिंगचा कारखाना त्याच चालवत आणि गावोगावच्या कामांना हात देत. मी टोपी धुतली, एसटीने अमळनेरला गेलो, तिथून पॅसेंजर धरून धरणगावला उतरलो.

अक्का जिनच्या आवारात निंबाखाली बाजेवर बसलेल्या होत्या. साठीच्या पुढच्या, हाडाने रुंद, पायात पुरुषी वहाणा. डोक्यावर रुई उडून बसलेली. पांढरे केस कुठे संपतात आणि कापूस कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. जन्मभर जिनच्या खडखडाटात राहिल्यामुळे त्यांना कमी ऐकू येई. पण आपल्याला कमी ऐकू येतं हे त्या मानत नसत. माणसंच हळू बोलतात असं त्यांचं मत होतं.

मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो घडी न उघडता मांडीखाली ठेवला.

"कोन गावना?"

मी सांगितलं.

"तुमना शेजारना गावले काय जोयजे?"

शेजारच्या गावाला काय पाहिजे? मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी मोठ्याने सांगितलं, की अक्का, आमच्या बंधाऱ्याचा डावा खांदा...

"तुनं मी इचारंच नही. शेजारनं इचारं."

मी म्हणालो, शेजारच्या गावाचं मला काय माहीत? अक्का म्हणाल्या, "मंग जेवी ले." आणि सरकीचा दाणा बोटांत दाबून बघायला लागल्या. माझं काम संपलं होतं.

जेवताना त्यांच्या दिवाणजींनी मला समजावलं. दिवाणजी सडपातळ, नेहमी टोपी घातलेले, शुद्ध बोलणारे. म्हणाले, "शेठजी होते तेव्हा त्यांनी एका गावाला मोठी विहीर बांधून दिली. संगमरवरी पाटी लावली. शेजारच्या गावाला तहान होती, त्यांना कुणी विचारलंच नाही. एक दिवस त्या विहिरीत मेलेलं कुत्रं सापडलं. मग डोकी फुटली, केस झाली. आता विहीर आहे, पाटी आहे, पाणी कुणी पीत नाही. तेव्हापासून अक्का एका गावाला काही देत नाहीत."

अक्कांना तिकडून नेमकं हे ऐकू गेलं. त्या ओरडून म्हणाल्या, "स्वतानं पोट कुत्राले बी समजस! शेजारनं पोट समजनारा दखाडा, मी देस!"

मी ताटावरून उठलो, हात धुतले आणि रामराम न करता निघालो. खालगावासाठी मी भीक मागू? माझ्या बापाने खालगावला कधी विस्तव दिला नव्हता.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "तुमना हाऊ ताठा शे ना, तो बंधारामा भरा. खांडवा बुजाई जाई." नंतर तिने आठ दिवस हे वाक्य गावात सगळ्यांना ऐकवलं.

महिन्याभराने मी पुन्हा गेलो. या वेळी तयारी करून गेलो. अक्कांनी विचारलं, शेजारच्या गावाला काय जोयजे? मी म्हटलं, खालगावला मारुतीच्या देवळावर कळस पाहिजे.

अक्कांनी हातातला सरकीचा दाणा खाली टाकला. मग म्हणाल्या, "हिलालनी सांगं का तुले?"

हिलालचं नाव त्यांना माहीत होतं. मी गेल्या महिन्यात निघाल्याबरोबर त्यांनी दिवाणजींना खालगावला पाठवलं होतं. हिलालही त्यांच्याकडे येऊन जेवून गेला होता. त्याला वरगावचं विचारलं, तर तो म्हणाला, वरगावला अक्कल पाहिजे, ती तुमच्याकडे असली तर द्या.

"एक कळस मांगस, एक अक्कल मांगस," अक्का म्हणाल्या. "दोन्ही माले जिनमा तयार व्हत नहीत. जेवी ले."

शिमगा जवळ आला तसा आमच्याकडे आणखी दोन घरांनी बोजा बांधला. त्यांतलं एक माझ्या सख्ख्या भावाचं. तो जाताना मला म्हणाला नाही काही. म्हणाला असता तर मी उत्तर दिलं असतं. दुसऱ्या दिवशी मी एसटीच्या थांब्यावर गेलो, तर तिथे हिलाल उभा. त्याच्या गावाचीही चार घरं गेली होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. गाडीत एकच बाक रिकामा होता. त्यावर आम्ही दोघे बसलो आणि मधे माझी पिशवी ठेवली. अमळनेरला पॅसेंजर उशिरा होती. हिलालने शेंगा घेतल्या. त्याने पुडी आमच्या मधे ठेवली, पण माझ्याकडे सरकवली नाही. मी खाल्ल्या, पण मागितल्या नाहीत. धरणगावला उतरेपर्यंत दोघांचीही इज्जत शाबूत होती.

अक्कांनी आम्हाला समोरासमोर बसवलं.

"हिलाल, वरगावले काय जोयजे?"

हिलालने खाकरून सांगायला सुरुवात केली. डावा खांदा कुठून कुठपर्यंत गेला आहे, खालचे कोणते घडीव दगड अजून नदीत पडलेले सापडतील, बंधाऱ्याच्या पायात कुठे खडक आहे आणि कुठे पोकळ आहे, हे त्याने बोट जमिनीवर ओढून दाखवलं. मी पंच असून मला पोकळ जागा माहीत नव्हती.

अक्का म्हणाल्या, "तुले इतलं कसं माहित?"

हिलाल म्हणाला, "फुटना ना, तैपासून मी रोज दखाले जाऊ. खुशीमा." मग म्हणाला, "आमना गहू वाळना, मंग खुशी गयी. पन सवय व्हयेल व्हती."

अक्कांनी मान डोलावली आणि मला विचारलं, "खालगावले काय जोयजे?"

आता मला गप्प बसता येईना. हिलालने माझ्या बंधाऱ्याचं इतकं बिनचूक सांगितल्यावर मी त्याच्या गावाचं कमी कसं सांगणार? मी म्हणालो, बंधारा धड असला तरी खालगावचं तिसऱ्या पाळीपर्यंतच ठीक चालतं. चौथ्या पाळीला पाणी बाभळीच्या वळणापर्यंत जातं आणि थकतं. पुढची शेतं अर्धी भिजतात. पाचव्या पाळीला शेवटची अकरा शेतं कोरडी राहतात. त्यातलं चिंचेखालचं शेत विधवेचं आहे, तिचा गहू दर वर्षी ओंबीत दाणा भरताना वाळतो. त्यांना आणखी तीन दिवसांचं पाणी पाहिजे. तीनच. जास्त दिलं तर फुटून वाया जाईल.

हिलाल माझ्याकडे बघत राहिला.

अक्का म्हणाल्या, "तुले इतलं बराबर कसं माहित?"

मी पायाजवळची सरकी वेचायला लागलो.

"मी सांगू का, अक्का?" हिलाल म्हणाला.

"नको," मी म्हणालो. "मी सांगतो."

आणि सांगितलं. आमच्या बंधाऱ्याच्या पोटात एक मोरी आहे. आठ दिवस पाणी आमच्या पाटाला, आठ दिवस मोरीतून खालगावला, असा बापजाद्यांचा करार. माझा बाप त्या मोरीत खालगावच्या आठ दिवसांतले तीन दिवस मातीची पोती कोंबायचा. बापानंतर मी कोंबत होतो. चोरी उघडी पडू नये म्हणून पाणी खाली कुठपर्यंत पोचतं ते बघायला काठाने चालत जायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, बैल हरवला आहे. माझा बैल फार वेळा हरवत असे.

"माले माहित व्हतं," हिलाल म्हणाला. "तुना बैल कोठ्यामा बांधेल ऱ्हाये."

मला वाटलं, आता अक्का जेवायला सांगतील. त्या उठल्या, लुगडं झटकलं, रुई उडाली. म्हणाल्या, "चोरले घर बराबर माहित ऱ्हास. मंग राखाले त्यालेच ठेवो."

त्यांनी दगड, चुना, सिमेंट, लोखंड दिलं. अट ही घातली, "पैसा मना. घाम तुमना. आनि घाम बी आपला गावमा नही, दुसराना गावमा." म्हणजे आमच्या बंधाऱ्यावर खालगावची माणसं राबली आणि त्यांचा गाळाने भरलेला पाट आम्ही उपसला. पहिले दोन दिवस शिव्या झाल्या. तिसऱ्या दिवशी खालगावच्या बायकांनी आम्हाला जेवण आणलं. आमच्या बायकांना हा अपमान वाटला. चौथ्या दिवशी त्यांनी जास्त जेवण नेलं. अशा रीतीने काम मृगाच्या आत पुरं झालं.

मोरीला लोखंडी दार बसवलं, त्याला कुलूप. किल्ली अक्कांनी हिलालकडे दिली. वरगावच्या मोरीची किल्ली खालगावकडे! मी म्हणालो, आणि मी काय करू? अक्का म्हणाल्या, तू खालगावच्या शेवटच्या शेतात उभा राहा. चिंचेखाली पाणी पोचलं असं तू म्हणशील तेव्हाच त्यांची पाळी संपेल, आणि हिलाल दार लावील. तोवर तुझ्या गावाला पाणी नाही.

मला लवकर 'पोचलं' म्हणता आलं असतं. पण मी खोटं बोलतो कधी याची हिलाल टपून वाट बघत होता. त्याला ते सुख मी दिलं नाही. माणसं म्हणतात, धुडकूभाऊ सुधारला. मी काही सुधारलो नाही. मी हट्टाने खरं बोललो. सुरतेची नऊ घरं परत आली. माझा भाऊ आला. तेव्हाही काही म्हणाला नाही.

बंधाऱ्यावर अक्कांच्या नावाचा दगड बसवावा असं दोन्ही गावांचं ठरलं. दोन्ही गावांचं एकमताने ठरलेलं ते पहिलं काम. अक्कांनी उडवून लावलं. "नाव दगडवर कोरं की मानसं दगडले पुसतस, पानीले नही." मग उद्घाटनाला तरी चला म्हटलं. उद्घाटन शब्द ऐकूनच त्यांनी हात झटकला. म्हणाल्या, "बिगर बलावनं गयी ते मालकीन. सभाले गयी ते पुढारी. पाव्हनी म्हनीसन कोनी बलावस का?" आम्ही हसलो. अक्का असं काहीतरी नेहमीच बोलत, आणि मी ते घरी येऊन लोकांना ऐकवत असे. ऐकवायला मला बरं वाटे.

त्यानंतर सहा-सात हिवाळे मी दर मोसमाच्या शेवटी धरणगावला जाऊन अक्कांना पाळ्यांची हकीकत सांगत असे. तो नेम मीच लावून घेतला होता. मी चोर होतो, म्हणून माझ्या तोंडून त्यांनी ऐकलेलं बरं. त्या सगळं ऐकत, मग विचारत, "चिंचेखाले पानी येस, ते दिखस कसं रे?"

मी म्हणे, "पानीसारखं."

"बरं," अक्का म्हणत.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दिखस कसं रे? पानीसारखं. मला वाटे, म्हातारपणी माणूस तेच ते विचारतं. एकदा मी जरा चिडूनच म्हणालो, अक्का, पाणी ते पाणी, त्यात काय दिसायचं? त्या म्हणाल्या, बरं.

माघात अक्का गेल्या. आम्ही तिसऱ्या दिवशी धरणगावला पोचलो. मुलंबाळं नव्हती, पुतण्या सगळं बघत होता. दिवाणजी निंबाखाली एकटे बसले होते. बाज उभी करून ठेवली होती. मी उगीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, अक्कांना एकदा तरी बंधारा दाखवायचा राहिला.

दिवाणजी म्हणाले, "जीप सांगितलेली असायची."

"कधी?"

"दर वर्षी. तुम्ही यायचात त्या दिवशी. नवं लुगडं नेसून बसायच्या. तुम्ही निघून गेलात की म्हणायच्या, जीप परत पाठवा."

मी म्हणालो, मग बोलल्या का नाहीत? मला बंधारा बघायचा आहे, एवढं म्हणायला काय जात होतं?

दिवाणजींनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "स्वतःसाठी?" ते म्हणाले.

परतीच्या गाडीत हिलाल शेंगांची पुडी घेऊन बसला होता. या वेळी त्याने ती माझ्याकडे सरकवली. मला खाववलं नाही. शेजारच्या गावाच्या अकरा शेतांची तहान मला दिवसांनिशी सांगता येत होती. समोर बसलेल्या बाईचं एवढंसं मागणं मला सात वर्षांत ओळखता आलं नाही. नवं लुगडं मी बघितलं होतं. मला वाटलं होतं, त्यांच्याकडे लुगडी पुष्कळ असतील.

दहाव्याला दोन्ही गावं एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली. मी पितळी चरवी भरून मांडीवर घेतली होती. गव्हाची शेवटची पाळी चालू होती. चिंचेखाली पोचलेलं पाणी भरून घेतलं होतं. धरणगावच्या ओढ्यात त्या दिवसांत धूळ असते. भटजींनी आणवलेलं पाणी हौदाचं होतं. मी चरवी पुढे केली.

"हे कुठलं पाणी?" भटजींनी विचारलं.

"खालगावचं," मी म्हणालो.

"वरगावनं," हिलाल म्हणाला.

"काय ते एक सांगा."

आम्ही दोघेही हटलो नाही. पुतण्या म्हणाला, असू द्या, घ्या. भटजींनी घेतलं.

पिंडावर पाणी पडायला लागलं तेव्हा मी हळूच सांगायला सुरुवात केली. म्हटलं, अक्का, आधी पाणी दिसतच नाही. आधी चिंचेवरच्या साळुंक्या खाली उतरतात, कारण मुंग्या वारुळातून अंडी घेऊन पळायला लागतात. मग काडीकचरा येतो, त्याच्या मागे फेस. ढेकूळ कोरडं असतं ते बुडबुडे सोडतं आणि बारीक आवाज करतं, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. मग सरीत एक जीभ येते, थांबते, वाट बघते, आणि पुढे सरकते. गव्हाच्या बुडाशी पोचते तेव्हा ती विधवा बांधावरून उठते आणि पदर खोचते. तेव्हा मी म्हणतो, पोचलं.

हिलालने मला कोपराने ढोसलं.

"जोरमा सांग," तो म्हणाला. "अक्काले कमी ऐकू ये."

मग मी पुन्हा पहिल्यापासून, जोरात सांगितलं.